दीड हजारांच्या गावाचा नकार

फेब्रुवारी २०२१. कॅनडाच्या अगदी उत्तरेला, बॅफिन बेटावर, हिवाळ्याच्या लांबलचक रात्रीनंतर सूर्य जेमतेम डोकं वर काढू लागला होता. अशा थंडीत पाँड इनलेट आणि आर्क्टिक बे या दोन गावांतले मूठभर इनुइट शिकारी स्नोमोबाइलवरून मेरी रिव्हरच्या लोहखाणीपर्यंत पोहोचले. खाणीची धावपट्टी आणि खनिज बंदराकडे नेणारा रस्ता त्यांनी अडवला. खाणीवर त्या वेळी शेकडो कामगार होते आणि बाहेर पडायला विमानाशिवाय दुसरा मार्ग नव्हता. आठवडाभर एकही विमान उतरलं नाही. शेवटी न्यायालयाचा आदेश आला, स्थानिक नेत्यांनी समोरासमोर बसून बोलण्याचं कबूल केलं आणि शिकारी परत फिरले. नवल म्हणजे अडकून पडलेल्यांपैकी काही कामगारांनीच या आंदोलकांना पाठिंबा देणारं खुलं पत्र लिहिलं होतं.

खाण बंद करा, अशी त्यांची मागणी नव्हती. खाण २०१४ पासून चालू होती, पगार येत होते आणि त्या पगारावर त्याच गावांतली काही घरं चालत होती. आक्षेप होता तो खाण दुप्पट करण्याला. वर्षाला ६० लाख टन खनिज काढायची परवानगी असलेल्या कंपनीला ती एक कोटी वीस लाखांवर न्यायची होती. त्यासाठी बंदरापर्यंत ११० किलोमीटरची रेल्वे टाकायची आणि जहाजांची ये-जा वाढवायची होती. त्या प्रस्तावावर सुनावणी चालू असतानाच ही नाकेबंदी झाली.

पावणेदोन वर्षांनी, १६ नोव्हेंबर २०२२ रोजी, कॅनडाच्या उत्तर विभागाचे मंत्री डॅन वँडल यांनी हा विस्तार नामंजूर केला. भारतातल्या खाणपट्ट्यांत राहणाऱ्यांना ही बातमी परीकथेसारखी वाटेल. पण तिच्यातली परीकथा बाजूला काढली तर जे उरतं, ते जास्त उपयोगाचं आहे.

पाँड इनलेटला इनुइट लोक मित्तिमातालिक म्हणतात. २०२१ च्या जनगणनेनुसार वस्ती दीड हजारांच्या थोडी वर. समोर एक्लिप्स साउंड नावाची खाडी, पलीकडे बायलट बेटाचे हिमाच्छादित डोंगर. हे गाव ज्या नुनावुत प्रदेशात आहे, तो महाराष्ट्राच्या सहापटींहून मोठा, आणि त्याची एकूण लोकसंख्या त्या जनगणनेत ३७ हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी. इथल्या पंचवीस गावांपैकी एकही दुसऱ्याशी रस्त्यानं जोडलेलं नाही. किराणा, सिमेंट, डिझेल, सगळं उन्हाळ्यात समुद्र मोकळा झाला की जहाजानं येतं, एरवी विमानानं. त्यामुळे दुकानातली भाजी, दूध, फळं यांच्या किमती दक्षिण कॅनडातल्या माणसालाही धक्का देतात. नुनावुतमधल्या निम्म्याहून अधिक घरांना पुरेसं अन्न मिळण्याची खात्री नाही, असं सरकारी पाहण्याच सांगतात.

म्हणून शिकार हा इथे छंद नाही. सील, कॅरिबू, आर्क्टिक चार मासा आणि नारव्हाल यांच्यावर घर चालतं. नारव्हाल हा लहान आकाराचा देवमासा; नराच्या तोंडातून दोन-अडीच मीटर लांब, पिळदार सुळा बाहेर आलेला असतो. त्याची कातडी आणि खालची चरबी कच्चीच खातात. त्यात क जीवनसत्त्व भरपूर असतं, आणि जिथे झाड उगवत नाही तिथे शेकडो वर्षं माणसं स्कर्व्हीशिवाय जगली ती याच्या जोरावर. नारव्हाल आवाजावर जगतो. खोल, काळोख्या, बर्फाखालच्या पाण्यात त्याला वाट आणि भक्ष्य दोन्ही आवाजानंच सापडतं. ग्रीनलँडच्या पाण्यात झालेल्या प्रयोगांत जहाज दहा-वीस किलोमीटरहून दूर असतानाही नारव्हालांचं वागणं बदलल्याचं दिसलं. उन्हाळ्यात हे प्राणी मोठ्या संख्येनं एक्लिप्स साउंडमध्ये आणि तिच्या आतल्या मिल्न इनलेटमध्ये येतात. पिल्लांना घेऊन येतात. खाणीचं बंदर नेमकं मिल्न इनलेटमध्ये आहे.

खनिज मात्र असं आहे की कुठल्याही भूगर्भतज्ज्ञाचे डोळे चमकावेत. १९६२ साली मरे वॉट्स नावाच्या खनिजशोधकाला विमानातून हा लालसर डोंगर दिसला. त्यात लोहाचं प्रमाण पासष्ट टक्क्यांच्या वर. गोव्याचं बरंचसं खनिज साठ टक्क्यांच्या आतलं, हे ध्यानात घेतलं म्हणजे फरक कळतो. मेरी रिव्हरचं खनिज फोडलं, चाळलं की थेट जहाजात भरता येतं. धुवायला नको, गाळाचे बंधारे बांधायला नकोत. तरीही पन्नास वर्षं त्या डोंगराला कुणी हात लावला नाही, कारण समुद्र वर्षातले आठ-नऊ महिने गोठलेला, आणि रस्ता, बंदर, वीज काहीच नाही. मग चीनच्या भुकेनं लोखंडाचे भाव चढले. गोव्यात मांडवी आणि झुआरीतून बार्जांची रांग लागली ती याच काळात, आणि बॅफिन बेटाकडे गुंतवणूकदारांच्या नजरा वळल्या त्याही याच काळात. २०११ मध्ये लक्ष्मी मित्तल यांच्या आर्सेलरमित्तलनं एका अमेरिकी गुंतवणूक गटाच्या साथीनं या खाणीची मालक बॅफिनलँड ही कंपनी ताब्यात घेतली.

पुढची गोष्ट टप्प्याटप्प्यानं घडली, आणि गावाच्या रागाचं मूळ या टप्प्यांतच आहे. २०१२ च्या अखेरीस जो प्रकल्प मंजूर झाला, त्यात खनिज दक्षिणेकडे, स्टीन्सबी इनलेटकडे, १४९ किलोमीटरच्या रेल्वेनं जाणार होतं. वर्षाला एक कोटी ऐंशी लाख टन. मग लोखंडाचे भाव घसरले, रेल्वेला पैसा उभा राहीना. कंपनीनं सांगितलं, सुरुवातीला थोडी कमाई व्हावी म्हणून उत्तरेकडून, मिल्न इनलेटमधून, ट्रकनं थोडंसं नेतो. २०१४ मध्ये ४२ लाख टनांची मुभा मिळाली. २०१५ च्या उन्हाळ्यात पहिलं जहाज युरोपकडे निघालं. २०१८ मध्ये ६० लाख टन झाले. आणि त्याच सुमारास एक कोटी वीस लाखांचा प्रस्ताव आला, त्याच उत्तरेच्या वाटेनं. जी वाट तात्पुरती, पूरक म्हणून स्वीकारली होती, ती मुख्य होऊन बसत होती. पाँड इनलेटनं होकार दिला होता तो एका प्रकल्पाला, आणि दारात उभा राहत होता दुसराच.

दरम्यान गावाच्या हाती स्वतःचा अनुभव जमला होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या बर्फावर लाल थर बसू लागला. प्यायचं पाणी बर्फ वितळवून घेणाऱ्या शिकाऱ्यांना आता लांब जाऊन स्वच्छ बर्फ शोधावा लागे. गोव्यातल्या डिचोली-सांग्याच्या माणसाला हे समजावून सांगायला नको. तिथे पाऊस आहे, इथे हिम आहे, धूळ तीच. एक्लिप्स साउंडमधल्या नारव्हालांच्या हवाई मोजणीत २०१९ नंतरच्या दोन वर्षांत संख्या झपाट्यानं घसरल्याचं दिसलं. कंपनीचं म्हणणं असं की यामागे किलर व्हेल, बर्फाची बदलती स्थिती, शेजारच्या खाडीत झालेलं स्थलांतर अशी इतरही कारणं असू शकतात. शास्त्राच्या दृष्टीनं हा आक्षेप पोकळ नाही. नारव्हाल खाड्या बदलतात हे खरंच आहे. पण ज्याच्या खाडीतून ते निघून गेले, त्याच्या ताटात काय फरक पडतो?

कंपनीची बाजूही ऐकायला हवी, कारण ती निव्वळ लोभाची नाही. इतक्या उंच प्रतीच्या खनिजातून पोलाद करताना कोळसा कमी जळतो. ज्या जगाला पवनचक्क्या आणि रेल्वे हव्यात त्याला असं खनिज हवंच आहे. नुनावुतसारख्या प्रदेशात सरकारी नोकरीबाहेरचा रोजगार फारसा नाही, आणि ही खाण तिथल्या खासगी अर्थव्यवस्थेचा एक मोठा खांब. खनिजाच्या विक्रीतला हिस्सा इनुइटांच्या प्रादेशिक संस्थेला, म्हणजे किकिक्तानी इनुइट असोसिएशनला, मिळतो. २०२० मध्ये कंपनीनं या संस्थेबरोबर नवा करार केला. खाणीच्या उरलेल्या आयुष्यात एक अब्ज डॉलरहून अधिक लाभ मिळेल असं त्याचं वर्णन झालं. दीड हजारांच्या गावापुढे, आणि त्याच्यासारख्या आणखी चार गावांपुढे, एवढी रक्कम ठेवली गेली तरी ती गावं बधली नाहीत. उलट आम्हाला न विचारता सही कशी केली, म्हणून ती आपल्याच संस्थेवर उखडली. मार्च २०२१ मध्ये संस्थेनं पवित्रा बदलला आणि विस्ताराला पाठिंबा नसल्याचं जाहीर केलं.

या हट्टामागे इतिहास आहे. १९५३ मध्ये कॅनडा सरकारनं क्यूबेकच्या उत्तरेतल्या इनुक्जुआकहून इनुइट कुटुंबांना जवळजवळ दोन हजार किलोमीटर वर, ग्रीस फियर्ड आणि रेझोल्यूट इथे नेऊन सोडलं. तिथल्या अंधाराची आणि शिकारीची सवय त्यांना नव्हती, म्हणून पाँड इनलेटची काही कुटुंबं मदतीला बरोबर दिली. परत यायचं असेल तर दोन वर्षांत आणू, हे आश्वासन पाळलं गेलं नाही. सरकारची माफी आली २०१० मध्ये. १९५३ नंतरच्या दशकांत माणसांना विखुरलेल्या तळांवरून उठवून गावांत वसवलं गेलं, मुलांना शाळेसाठी दूर नेलं गेलं, स्लेजगाडीचे कुत्रे मोठ्या प्रमाणावर मारले गेले. कुत्रे गेले की शिकार गेली. या प्रकाराबद्दल सरकारनं किकिक्तानी इनुइटांची अधिकृत क्षमा मागितली ती ऑगस्ट २०१९ मध्ये, म्हणजे खाणविस्ताराची पहिली मोठी सुनावणी भरण्याच्या तीनच महिने आधी.

आणि खाणीचाही अनुभव नवा नव्हता. आर्क्टिक बे या शेजारच्या गावाजवळ १९७६ ते २००२ या काळात नॅनिसिव्हिक नावाची जस्त-शिशाची खाण होती. तिच्यासाठी अख्खं नवं गाव वसवलं होतं: शाळा, चर्च, घरं. १९७४ च्या करारात साठ टक्के कामगार इनुइट असतील असं उद्दिष्ट लिहिलं होतं. तो आकडा कधी गाठलाच गेला नाही. खाण संपली तेव्हा आर्क्टिक बेच्या लोकांना ती रिकामी घरं हवी होती, कारण उत्तरेत घरांची टंचाई भयंकर. पण शिशाच्या धुळीनं दूषित झाल्यामुळे घरं जमीनदोस्त करावी लागली. २०२१ मध्ये धावपट्टीवर बसलेल्यांतले काही जण त्याच आर्क्टिक बेचे होते.

इनुइट दिग्दर्शक झकारियास कुनुक यांचा 'वन डे इन द लाइफ ऑफ नोआ पियुगातुक' हा चित्रपट २०१९ साली व्हेनिसच्या कला द्वैवार्षिकीत कॅनडाच्या दालनात दाखवला गेला. १९६१ सालातला एक दिवस: एक सरकारी माणूस एका वयस्कर शिकाऱ्याला तळ सोडून गावात ये म्हणून समजावतो आहे, मध्ये दुभाषी बसला आहे, आणि प्रत्येक वाक्य दुसरीकडे पोहोचेपर्यंत थोडं थोडं बदलतं आहे. बराच वेळ काहीच घडत नाही. चहा होतो, हो-नाही होत राहतं. पुढच्याच वर्षी वॉट्सला तो लाल डोंगर दिसला. कुनुक यांनी २०१९ मधल्या सुनावणीचं इंटरनेटवरून थेट प्रक्षेपण घडवून आणलं, तेव्हा या चित्रपटाचा दुसरा भागच चालू असल्यासारखं वाटावं अशी परिस्थिती होती. फरक इतकाच की या वेळी टेबलाच्या पलीकडच्याला 'नाही' म्हणण्याचं व्यासपीठ होतं.

ते व्यासपीठ आकाशातून पडलं नाही. १९७० च्या दशकात मॅकेन्झी खोऱ्यातून वायुवाहिनी टाकायचा प्रस्ताव आला, तेव्हा न्यायमूर्ती थॉमस बर्जर यांच्या चौकशीनं एक साधी पण त्या काळी अनोखी गोष्ट केली. बर्जर पस्तीस गावांत जाऊन बसले. शिकारी, म्हाताऱ्या बायका, शाळकरी पोरं, ज्याला जे सांगायचं ते त्याच्या भाषेत ऐकलं, आणि रोजचा वृत्तांत रेडिओवरून आदिवासी भाषांत प्रसारित झाला. १९७७ मध्ये त्यांनी दहा वर्षं थांबा असं सांगितलं. ती वाहिनी झाली नाही. त्यानंतर वाटाघाटींचं एक अख्खं पर्व चाललं आणि १९९३ मध्ये नुनावुत करार झाला. साडेतीन लाख चौरस किलोमीटर जमीन इनुइटांच्या मालकीची ठरली, १ एप्रिल १९९९ रोजी वेगळा प्रदेश अस्तित्वात आला, आणि प्रकल्पांच्या परिणामांची छाननी करायला एक मंडळ नेमलं गेलं. त्याचे काही सदस्य इनुइट संस्था सुचवतात, काही सरकार. मेरी रिव्हरचा विस्तार याच मंडळापुढे चार वर्षं चालला.

चार वर्षं. कंपनीनं याला दिरंगाई म्हटलं, आणि गुंतवणूकदाराच्या नजरेतून ती होतीच. पण या काळात काय झालं ते पाहिलं पाहिजे. सुनावणी इकालुइत या राजधानीत झाली तशी पाँड इनलेटमध्येही झाली. इनुक्तितुत भाषेत दुभाषी होते. सहभागी संस्थांना आपले तज्ज्ञ नेमता यावेत म्हणून केंद्र सरकारचा निधी होता. कंपनीच्या सागरशास्त्रज्ञाला उलट प्रश्न विचारायला गावाकडेही सल्लागार होता. शिकाऱ्यांच्या संघटनांचं निरीक्षण, कुठल्या महिन्यात कुठल्या खाडीत नारव्हाल किती आणि कसे वागतात ते, पुरावा म्हणून नोंदलं गेलं. २०१९ ची सुनावणी आक्षेपांमुळे मध्येच तहकूब करावी लागली, नंतर करोना आला, तरी प्रक्रिया गुंडाळली गेली नाही. मे २०२२ मध्ये मंडळानं अहवाल दिला: सागरी जीव, कॅरिबू, मासे आणि त्यांच्यावर अवलंबून असलेली इनुइट संस्कृती आणि अन्नसुरक्षा यांच्यावरचे संभाव्य परिणाम पुरेसे रोखता येतील अशी खात्री नाही, प्रकल्प पुढे नेऊ नये. सहा महिन्यांनी मंत्र्यांनी ते मान्य केलं.

ज्या शरद ऋतूत हा निर्णय आला, त्याच काळात महाराष्ट्रातही एका लोहखाणीच्या विस्ताराची सुनावणी झाली होती. गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्ली तालुक्यात सुरजागडच्या डोंगरावर लॉइड्स मेटल्सला २००७ पासून खाणपट्टा आहे. त्या डोंगरावर ठाकूरदेवाचं स्थान आहे. दर जानेवारीत परिसरातल्या गावांतले माडिया गोंड तिथे यात्रेला जमतात. वर्षाला ३० लाख टनांवरून एक कोटी टनांपर्यंत, म्हणजे तिपटीहून अधिक, वाढीचा प्रस्ताव होता. त्याची जनसुनावणी २०२२ च्या ऑक्टोबरअखेरीस जिल्हाधिकारी कार्यालयात, गडचिरोलीत झाली. खाणीपासून शंभराहून अधिक किलोमीटरवर. २००६ ची पर्यावरण अधिसूचना सांगते की सुनावणी प्रकल्पस्थळी किंवा त्याच्या अगदी जवळ व्हावी. ती गडचिरोलीत घेण्याचं कारण सुरक्षेचं होतं, आणि तो धोका काल्पनिक नव्हता. डिसेंबर २०१६ मध्ये माओवाद्यांनी याच खाणीची कित्येक वाहनं जाळली होती. पण ज्या रस्त्यावरून टिप्परच्या रांगा पोलीस बंदोबस्तात दिवसरात्र धावू शकतात, त्याच रस्त्यावर एक दिवस मांडव घालून सुनावणी घेता येत नाही, हे पटत नाही. मार्च २०२३ मध्ये विस्ताराला मंजुरी मिळाली. सुनावणीपासून जेमतेम पाच महिने.

इथे भाबडी तुलना करण्यात अर्थ नाही. कॅनडा श्रीमंत देश आहे, नुनावुतमध्ये माणसं थोडी आणि जमीन अफाट आहे. गडचिरोलीत तरुणांना काम हवं आहे आणि त्यांतले कितीतरी खाणीवर खूश आहेत. पाँड इनलेटमध्येही असे लोक होते. प्रश्न खाण हवी की नको हा नंतरचा. आधीचा प्रश्न असा की ज्यांच्या डोंगराबद्दल बोलणं चाललं आहे, त्यांना ते बोलणं ऐकू येईल, समजेल आणि त्यात अडथळा आणता येईल, अशी सोय आहे का? अधिसूचनेप्रमाणे मसुदा अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत द्यायचा असतो. एटापल्लीत तो मराठीत मिळतो. माडिया बोलणाऱ्या म्हाताऱ्याला मराठी सरकारी गद्य आणि इंग्रजी यांत फारसा फरक नाही. (शहरातल्या मराठी वाचकालाही तो फारसा जाणवत नाही, ही वेगळी गोष्ट.) गावानं स्वतःचा जलतज्ज्ञ नेमायचा तर पैसे कुणी द्यायचे, याची तरतूद आपल्या कायद्यात नाही. कंपनीचा अहवाल कंपनीनंच नेमलेल्या सल्लागारानं लिहिलेला, आणि समोर हातात अर्ज घेऊन उभा असलेला सरपंच.

आपल्याकडे कायदे नाहीत असं कुणी म्हणू शकणार नाही. आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा १९९६ चा पेसा आहे, २००६ चा वनहक्क कायदा आहे. ओडिशातल्या नियमगिरीत वेदान्तच्या बॉक्साइट खाणीबद्दल सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०१३ मध्ये ग्रामसभांना विचारा म्हणून सांगितलं, तेव्हा बाराच्या बारा ग्रामसभांनी नकार दिला आणि तो टिकला. पण त्यासाठी देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला मध्ये पडावं लागलं. गोव्यात तर सगळा हिशेबच न्यायालयांनी केला: बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शाह आयोगाचा अहवाल, २०१२ ची खाणबंदी, २०१४ चा निकाल आणि त्यातून आलेला कायमस्वरूपी निधी, मग २०१८ मध्ये ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द. न्यायालयानं वाचवलं याचं समाधान मानावं तर त्याच निकालांनी हजारो ट्रकमालक आणि बार्जवाले एका रात्रीत रिकामे बसवले. आधी बेसुमार, मग एकदम बंद. वेळीच, गावागावांत, किती काढायचं आणि कुठून न्यायचं याचा वाद नीट झाला असता तर कदाचित दोन्ही टळलं असतं. पाँड इनलेटला हा मधला वाद घालायला मिळाला, एवढीच त्याची श्रीमंती.

आणि त्या गावानं तो वाद कसा घातला हे पाहण्यासारखं आहे. विस्तार नाकारला जात होता त्याच वर्षी कंपनीची ६० लाख टनांची मुदतही संपत आली होती. ती वाढवली नाही तर उत्पादन ४२ लाखांवर येईल, हजारावर लोकांना घरी बसवावं लागेल, असं कंपनीनं सांगितलं. खुद्द छाननी मंडळानं मुदतवाढ देऊ नये अशी शिफारस केली. पण या वेळी पाँड इनलेटसह पाचही गावांनी आणि इनुइट संस्थेनं मुदतवाढीला पाठिंबा दिला. वँडल यांनी मंडळाची शिफारस बाजूला ठेवून ऑक्टोबर २०२२ मध्ये परवानगी दिली. म्हणजे सहा आठवड्यांच्या अंतरानं एकाच खाणीला एक होकार आणि एक नकार. पर्यावरणवाद्यांना पहिला आवडला नाही, खाणवाल्यांना दुसरा. खाणविरोधी म्हणून ज्यांचे फोटो जगभर छापले गेले त्या गावाला खाण नको होती असं नाहीच. तिचा वेग आणि तिची वाट त्यांना ठरवायची होती.

त्या वाटेचा प्रश्न मात्र अजून मिटलेला नाही. उत्तरेकडचा विस्तार अडल्यावर कंपनी पुन्हा दक्षिणेकडे, स्टीन्सबीच्या रेल्वेकडे, वळली. त्या मार्गाची मंजुरी २०१२ पासून हातात आहे. नव्यानं सगळी सुनावणी घ्यायची गरज नाही, मुख्य अडचण पैशाची. त्या बाजूला नारव्हालांपेक्षा वॉलरस जास्त, आणि वर्षभर बर्फ फोडत जाणारी जहाजं इग्लूलिक आणि सानिरायाक या गावांच्या शिकारीच्या समुद्रातून जातील. २०१२ च्या सुनावणीत कुनुक यांनी इग्लूलिकमधून जे प्रश्न मांडले होते, त्यांतले बरेच आजही तसेच आहेत. तेव्हा ज्यांनी हात वर केला होता त्यांतले काही वडीलधारे आता राहिलेले नाहीत, आणि तेव्हा शाळेत असलेली मुलं आज स्वतःच्या स्नोमोबाइलवर शिकारीला जातात. त्यांना विचारलं जाईल का, याचं उत्तर परवान्यात लिहिलेलं नाही. सुरजागडच्या पुढच्या विस्ताराची कागदपत्रं तयार करणाऱ्यांनी निदान सुनावणीची जागा तरी एटापल्ली तालुक्यातली निवडावी, सारांश माडियात वाचून दाखवावा आणि ग्रामसभांना स्वतःचा तज्ज्ञ नेमायला जिल्हा खनिज निधीतून पैसे द्यावेत. तो निधी खाणीनं बाधित झालेल्या लोकांसाठीच २०१५ पासून गोळा होतो आहे.